मे. म्हणजे मेजर

“माणूस मेला असला, तरी हजेरीपटावर तो आधी गैरहजर असतो,” असं गुरुजी एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांना म्हणाले होते. चौथीतला एक मुलगा तापानं गेला होता आणि गुरुजींनी त्याच्या नावापुढं सलग अकरा दिवस ‘गै.’ लिहिलं होतं. मेलेल्या पोराची गैरहजेरी कसली लावता, असं साहेबांनी विचारलं. त्याच्या जाण्याचं पत्र बाराव्या दिवशी आलं, तोवर माझ्या लेखी तो फक्त आलेला नव्हता, असं गुरुजींनी सांगितलं. साहेबांना चहाचा ठसका लागला. गुरुजी हसले नाहीत. ते विनोद करत नसत. त्यांच्या बाबतीत विनोद परस्पर होत.

एकतीस वर्षं त्यांनी चौथीचाच वर्ग सांभाळला. रोज सकाळी हजेरी, नावानं नाही, क्रमांकानं. प्रत्येकाला तीन हाका. पहिली सरळ, दुसरी जरा थांबून, आणि तिसरी अशी, की चूक त्या पोराची नसून हाक मारणाऱ्याचीच आहे. तिसऱ्या हाकेलाही कोणी बोललं नाही की लाल शाईनं ‘गै.’ आणि पुढचा क्रमांक. मित्रासाठी कोणी खोटं ‘हजर’ ओरडलं तर मान वर न करता ते म्हणत, “बावीस, तुझ्या जागेवरून एकोणीस बोलतोय. त्याला सांग, उद्या ज्यानं त्यानं आपापलं तोंड आणायचं.” आवाज ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पोरं त्यांना ‘हजेरी’ म्हणत. ते निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी कोणीतरी फळ्यावर लिहिलं, ‘आज हजेरी गैरहजर.’

घरी ते आणि बायको, दोघंच. चहाच्या वेळी कप दोन आहेत का हे ते मोजून बघत. “अहो, आहे मी,” बायको म्हणायची. “लाल शाई आत ठेवा.”

अशा माणसाकडं गावच्या स्मारक समितीचे अध्यक्ष चालत आले यात नवल नव्हतं.

साठ वर्षांपूर्वी युद्ध झालं होतं. त्यात लढलेल्या गावच्या अधिकाऱ्यांची नावं एका दगडावर कोरून तो दगड शाळेच्या भिंतीत बसवायचा, असं समितीनं ठरवलं होतं. फक्त अधिकाऱ्यांची. “शिपायांना दगड पुरणार नाही,” अध्यक्ष म्हणाले. ते वजनमापं खात्यात नोकरीला होते आणि कुठलीही गोष्ट बोलताना दोन्ही तळहात वरखाली करून तोलत. अडचण एकच होती. सैन्याची त्या काळातली सगळी कागदपत्रं सैन्यानंच जाळली होती. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून. शत्रू नंतर त्या बाजूला फिरकलाच नाही. कोण अधिकारी होता आणि कोण नव्हता, हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं.

गुरुजींनी एक रात्र विचार केला आणि सकाळी तोड काढली. अधिकारी व्हायचं तर लिहितावाचता यायला हवं. लिहायला शिकायचं तर शाळेत जायला हवं. त्या काळात गावात शाळा एकच. म्हणजे जो कोणी अधिकारी झाला, तो आपल्या शाळेच्या रजिस्टरात असणारच. या विचारात कुठंही खोट नव्हती. खड्ड्याकडं जाणाऱ्या पायऱ्याही तशा नीट बांधलेल्याच असतात.

शाळेची जुनी रजिस्टरं सभागृहातल्या रंगमंचाखाली होती. रंगमंचाला बाजूनं एक बुटका दरवाजा होता, त्यातून ओणवं होऊन आत शिरायचं. आत मोडकी बाकं, फाटका नकाशा, एका पायावर उभा असलेला फळा, आणि कापडात बांधलेले गठ्ठे. गुरुजी सतरंजीचा तुकडा आणि कंदील घेऊन रोज दहाला आत जात, पाचला बाहेर येत. वर कधी मुलांची कवायत चाले. फळ्यांवर शंभर पाय एकदम आपटले की त्यांच्या डोक्यावर धूळ पडे. तेव्हा ते पानावर हात पसरून बसत, पावसात कोणी लहान मुलावर हात धरावा तसे.

त्या काळच्या हेडक्लार्कनं रजिस्टर फार देखणं ठेवलं होतं. दाखला क्रमांक, नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. तो रकाना बोटभर रुंद. त्यात लाल शाईनं एकेक अक्षर आणि पुढं तारीख. तीही फक्त दिवस आणि महिना. गुरुजी आठ दिवस त्या अक्षरांकडं नुसते बघत राहिले. नवव्या दिवशी त्यांना कॅप्टन सापडले.

हे कॅप्टन गावाला माहीत असलेले एकमेव अधिकारी होते. टाऊन हॉलच्या जिन्यात त्यांचा गणवेशातला फोटो होता, मिशी आणि पदकासकट. रजिस्टरात त्यांच्या नावापुढं लाल शाईत होतं: ‘कॅ.’

मग सगळं धडाधड उलगडलं. हेडक्लार्क देशप्रेमी होता. युद्ध चालू असताना त्यानं आपली जुनी रजिस्टरं काढली आणि जो मुलगा सैन्यात चढला, त्याच्या नावापुढं हुद्दा आणि बढतीची तारीख लिहून ठेवली. जे सैन्यानं जाळलं, ते त्यानं या बोटभर रकान्यात राखलं. ‘ले.’ म्हणजे लेफ्टनंट. ‘कॅ.’ कॅप्टन. ‘मे.’ मेजर. ‘क.’ कर्नल. आणि एका नावापुढं ‘ज.’ होतं. तो अध्यक्षांचा आजोबा निघाला.

“जनरल?” अध्यक्षांचे तोललेले हात हवेतच थांबले. “पण आमचे आजोबा तर गुळाच्या वखारीत होते.”

“युद्धाआधी,” गुरुजी म्हणाले.

“युद्धानंतरही.”

“मोठी माणसं कामाला लाजत नाहीत.”

हे अध्यक्षांना लगेच पटलं.

सात महिन्यांत यादी पुरी झाली. एकोणीस लेफ्टनंट, नऊ कॅप्टन, आठ मेजर, चार कर्नल, एक जनरल. एकूण एकेचाळीस. यात सगळ्यात डोळे दिपवणारी कारकीर्द होती क्रमांक चारशे बाराची. हा हेडक्लार्कचाच मुलगा. त्याच्यापुढं एकाखाली एक तीन शेरे होते: ‘ले. १२/६. मे. ३/७. क. २१/७.’ लेफ्टनंटचा कर्नल व्हायला अवघे एकोणचाळीस दिवस. गुरुजींनी मनाशी हिशेब जुळवला. युद्धात असं होतं. वरचे पटापट मरतात, खालच्यांना जागा होते.

यादी गावात फुटली आणि गाव बदललं. माणसं ताठ चालू लागली. किराणा दुकानदार कर्नलचा नातू निघाला. तो साखर बांधून देताना टाच आपटू लागला. न्हाव्याकडं लेफ्टनंटांच्या नातवंडांना मेजरच्या नातवासाठी खुर्ची सोडावी लागे. एका मेजरच्या पणतीचं लग्न ठरलेलं मोडलं, कारण मुलगा लेफ्टनंटाकडचा होता. “आमच्यात खालच्या हुद्द्यात देत नाहीत,” तिची आई म्हणाली. आणि घराघरात आठवणी वर येऊ लागल्या. कोणाचे आजोबा झोपेत हुकूम सोडायचे. कोणाच्या दंडावर गोळीचा व्रण होता. तो बंबानं भाजल्याचा डाग होता, हे तोवर सगळ्यांना माहीत होतं, आता कोणालाच आठवेना. एक तरुण रंगमंचाखाली ओणवा होऊन आत आला आणि हात जोडून म्हणाला, “गुरुजी, पुढच्या पानावर आमच्या आजोबांची बढती झाली असेल, जरा बघा की.”

“झाली असती तर दिसली असती.”

“नीट बघा हो. घरी तोंड दाखवायला जागा नाही. शेजारी कॅप्टन आहेत.”

त्या सात महिन्यांत गुरुजी मात्र एकाच नावासाठी पानं उलटत होते, हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

ते चार वर्षांचे असताना, युद्धाच्या तिसऱ्या वर्षी, त्यांचे वडील एका सकाळी घरातून बाहेर पडले. बाहेर कोरडं ठणठणीत ऊन होतं. तरी घरातली एकुलती एक छत्री त्यांनी काखोटीला मारली. एक शब्द बोलले नाहीत. ते परत आले नाहीत. कोणी म्हणालं, सैन्यात भरती झाले. कोणी म्हणालं, भरती चुकवायला पळाले. आणि कोणी शपथेवर सांगितलं, की परगावी लाकडाच्या अड्ड्यावर दिसले, बरोबर दुसरी बाई होती, छत्री तीच होती. आईनं कोणाचंच खरं मानलं नाही. शेवटपर्यंत ती एवढंच म्हणायची, “येतील. छत्री आहे त्यांच्याजवळ.”

क्रमांक चारशे एकतीस. वडिलांचं नाव गुरुजींना यादी पुरी होता होता, एका दुपारी सापडलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात होतं: ‘मे. १४/११.’

त्या दिवशी ते पाच वाजले तरी बाहेर आले नाहीत. शाळेचा शिपाई आत डोकावला तेव्हा ते रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते, आणि शिपायाच्या म्हणण्याप्रमाणे, पान वाळवत होते.

“मेजर,” घरी येऊन ते बायकोला म्हणाले.

“कोण?”

“बाबा.”

बायको भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली. सासऱ्यांबद्दल ती आजवर जे बोलली होती ते सगळं तिला आठवलं असावं, कारण तिनं चिरलेली भाजी उगाच सारखी केली. मग म्हणाली, “मेजर छत्री घेऊन लढाईला जातो होय?”

गुरुजींनी चपला काढून जोडीनं भिंतीला लावल्या.

“अधिकाऱ्यांना चालत असेल म्हणा,” ती हलकेच म्हणाली आणि सुरी पुन्हा उचलली.

दगड तयार झाला. तो अरुंद होता, म्हणून पाथरवटानं हुद्दे पूर्ण न कोरता रजिस्टरातल्यासारखेच कोरले: ले., कॅ., मे., क., ज. समारंभाचा दिवस ठरला. त्या दिवशी गुरुजींनी यादी वाचायची, क्रमांकानं, शाळेतल्यासारखी. आणि प्रत्येक अधिकाऱ्याच्या घरच्यानं त्याच्या वतीनं उभं राहून ‘हजर’ म्हणायचं. ही कल्पना अध्यक्षांची. चाळीस घरं सापडली होती. राहिलं होतं एक, कर्नल चारशे बारांचं.

ते घर गुरुजींनी समारंभाच्या पाच दिवस आधी हुडकून काढलं. शिंप्यांच्या गल्लीच्या टोकाला एक खोली, खिडकीपाशी स्टूल, स्टुलावर शहाऐंशी वर्षांची म्हातारी. जन्मभर तिनं शिंप्यांना गुंड्यांची काजं करून दिली होती. आताही मांडीवर सदरा होता आणि सुईत दोरा तिनं पहिल्या फटक्यात ओवला.

“हेडक्लार्कांच्या घरचं कोणी?” गुरुजींनी विचारलं.

“मुलगी. बसा मास्तर. त्या पेटीवर बसा, खुर्ची नुसती दिखाऊ आहे, मोडते.”

गुरुजी पेटीवर बसले आणि त्यांनी पाठ केलेलं भाषण केलं. आपले थोर बंधू कर्नल, एकोणचाळीस दिवसांत तीन हुद्दे, गाव ऋणी आहे, वगैरे. म्हातारीची सुई थांबली.

“कोण कर्नल?”

“आपले बंधू. क्रमांक चारशे बारा.”

“माझा भाऊ नऊ वर्षांचा होऊन गेला, मास्तर.”

गुरुजींना वाटलं, ती ‘नव्वद’ म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा ‘नऊ’ म्हणाली. मग त्यांनी खिशातून उतरवून घेतलेला कागद काढून शेरे वाचून दाखवले. ‘ले.’ बारा सहा. ‘मे.’ तीन सात. ‘क.’ एकवीस सात.

“बरोबर आहे की,” म्हातारी म्हणाली. “बाबा संध्याकाळी घरी रजिस्टर आणायचे, मी शेजारी बसून शाई टिपायची. मला सगळं पाठ आहे. ‘ले.’ म्हणजे लेखी अर्ज आला, आज येत नाही. ‘मे.’ म्हणजे मेडिकल, डॉक्टरची चिठ्ठी. ‘कॅ.’ म्हणजे नदीपलीकडच्या कॅम्पातून येणारा, त्याला उशीर माफ. ‘ज.’ म्हणजे जंताचं औषध पाजलं. आणि ‘क.’ म्हणजे नाव कमी केलं.” तिनं दोऱ्याला गाठ मारली. “भाऊ आजारी पडला तेव्हा बाबांनी स्वतःच स्वतःला लेखी अर्ज लिहिला. मग डॉक्टरची चिठ्ठी. मग त्या दिवशी शाळेत जाऊन त्याचं नाव कमी करून आले. घरी आल्यावर ‘गेला’ असं नाही म्हणाले कधी. म्हणाले, ‘आज नाव कमी झालं.’ आईला वाटलं, फी राहिली.”

गुरुजींच्या डोळ्यांपुढून एकोणीस लेफ्टनंट हातात अर्ज घेऊन रांगेनं निघून गेले. त्यांच्यामागून जनरल, पोट धरून.

“पण फोटोतले कॅप्टन?” त्यांनी शेवटची काडी धरली.

“ते कॅम्पातच राहायचे. पुढं कॅप्टनही झाले. एखाद्याचं जुळतं.”

“‘मे.’ म्हणजे फक्त मेडिकलच? दुसरं काहीच नाही?”

“फक्त मेडिकल. तुमचं कोण होतं ‘मे.’मध्ये?”

“वडील.”

“काय झालं होतं त्यांना?”

“माहीत नाही,” गुरुजी म्हणाले. साठ वर्षं त्यांनी वडिलांबद्दल पुष्कळ गोष्टींचा विचार केला होता. त्यांचं कधी काही दुखलं असेल हे डोक्यात आलंच नव्हतं.

“पुढं ‘क.’ नाही ना लागला?”

“नाही.”

“मग आले असतील परत शाळेत,” म्हातारी म्हणाली. “बरे होऊन.”

गुरुजी उठले. दगड थांबवावा लागेल, माफी मागावी लागेल, असं काहीतरी पुटपुटले. तर म्हातारीनं त्यांची बाही पकडली.

“थांबवता कशाला? त्याचं नाव कुठं म्हणून लागलं नाही, मास्तर. नऊ वर्षांच्या पोराचं कुठं लागणार? मी मेले की त्याला ओळखणारं कोणी नाही. राहू द्या की त्याला कर्नल.” मग जरा खाली वाकून म्हणाली, “ते पुन्हा म्हणा बरं, मघाशी म्हणालात ते. थोर बंधू.”

गुरुजींनी पुन्हा म्हटलं. म्हातारी समारंभाला येते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते समितीच्या खोलीत गेले. अध्यक्ष होते, आणि दगड बसवण्याच्या बेतासाठी आलेला पाथरवटही होता.

“बोला गुरुजी, चेहरा का इतका जड?” अध्यक्ष म्हणाले.

“‘ज.’ म्हणजे जनरल नाही.”

“मग काय?”

“जंत.”

“कोणाला?”

“आपल्या आजोबांना. चार सप्टेंबरला.”

पाथरवट छताकडं बघू लागला. गुरुजींनी मग सगळं सांगितलं, अर्ज, चिठ्ठ्या, कॅम्प, कमी झालेली नावं. अध्यक्षांनी दोन्ही तळहात उघडले आणि बराच वेळ काहीतरी तोललं.

“झाले असतील जंत,” ते अखेर म्हणाले. “जनरलला जंत होऊ नयेत असा कुठं नियम आहे?”

“पण ते जनरल नव्हते.”

“हे तुम्ही सिद्ध करू शकता? कागद तर सैन्यानं जाळले.”

“आधी मीच सिद्ध केलं होतं की ते होते.”

“आणि उत्तम केलं होतं. आता त्याला धक्का कशाला?”

“निदान दगड तरी बदला.”

आता पाथरवटाचं खातं आलं. तो घसा खाकरून म्हणाला, “गुरुजी, दगडातून काढता येत नाही. घालता येतं. तुम्ही म्हणत असाल तर ‘मे.’पुढं ‘ला’ घालून देतो. मेला. आज ना उद्या सगळ्यांना लागू. ‘ज.’चं ‘जखमी’ होईल. ‘ले.’चं ‘लेकरू’ करू, तेही चूक नाही, शाळेतलीच होती ना? ‘क.’चं मात्र बघावं लागेल.”

“काही घालायचं नाही,” अध्यक्ष म्हणाले. त्यांना एकदम वाट दिसली होती. “दगडावर ‘मेजर’ असं आहे का? नाही. ‘मे.’ आहे. रजिस्टरात काय आहे? ‘मे.’ मग दगडात खोटं काय? अक्षर न् अक्षर खरं आहे. वाचणारा काय वाचतो, ते त्याचं तो बघेल. तुम्हीही समारंभात तसंच वाचा. ‘मे., क्रमांक अमुक.’ म्हणजे तुमच्या जिभेलाही काही लागणार नाही.”

चौथीच्या व्याकरणात ते बसत होतं.

“आणि एक सांगू?” अध्यक्षांचा आवाज मऊ झाला. “तुमच्या वडिलांचंही नाव त्यात आहे. लोकांनी त्यांच्याबद्दल काय काय म्हटलं, ते माझ्याही कानावर होतं. आता गल्लीतलं पोर न् पोर त्यांना मेजर म्हणतं. पोटच्या पोरानंच बापाचा हुद्दा काढून घ्यायचा? म्हातारी हजर म्हणणार, मी म्हणणार, सगळं गाव म्हणणार. तुम्ही एक शब्द म्हणायचा. बस्स.”

तो एक शब्द गुरुजी चार दिवस घरात घेऊन फिरत होते. कपाटाच्या आरशापुढं उभं राहायचे आणि परत यायचे. शेवटी बायकोच म्हणाली, “एकदा म्हणून तर बघा. मी मारते हाक. चारशे एकतीस.”

“हजर,” गुरुजी म्हणाले.

“हा तर तुमचाच आवाज.”

“मग कोणाचा असणार?”

“मामंजींचा काढा ना थोडा. जाड, भारदस्त.”

गुरुजींनी विचार केला. खूप मागं जाऊन बघितलं. तिथं दरवाजा होता, ऊन होतं, काखेतली छत्री होती, छत्रीच्या टोकाशी लागलेला चिखलाचा वाळका गोळासुद्धा होता. आवाज नव्हता.

“मी तो ऐकलेला आठवतच नाही,” ते म्हणाले.

बायकोनं सदऱ्याची घडी त्यांच्यापुढं ठेवली. मग म्हणाली, “सदऱ्याला इस्त्री करून ठेवलीय. बाकी तुम्हाला जमेल तसं करा.”

समारंभाला सभागृह खचाखच भरलं होतं. बसायची व्यवस्था हुद्द्याप्रमाणे होती. जनरलच्या घरचे गादीच्या कोचावर, कर्नल हातांच्या खुर्च्यांवर, मेजर साध्या खुर्च्यांवर, कॅप्टन बाकांवर, आणि लेफ्टनंट भिंतीला टेकून उभे. काज करणारी म्हातारी हाताच्या खुर्चीत बसली होती; तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. बाजूच्या भिंतीत बसवलेल्या दगडावर चादर टाकली होती. रंगमंचावर टेबल, टेबलावर नवा कोरा हजेरीपट, लाल शाईचं पेन आणि गुरुजी. ज्या फळ्यांखाली त्यांनी सात महिने घालवले, त्याच फळ्यांवर आज ते उभे होते, आणि त्यांना सारखं वाटत होतं की खाली अजून कोणीतरी पानावर हात पसरून बसलेलं आहे.

चादर निघाली. टाळ्या झाल्या. गुरुजींनी हजेरी सुरू केली.

“ज. तीनशे आठ.”

“हजर!” अध्यक्ष गरजले. ते छातीतून गरजले, पण हात पोटावर होता.

“ले. तीनशे अकरा.”

“हजर!”

“कॅ. तीनशे चौदा.”

“हजर!” नातू जरा उशिरा उठला. उशीर माफ होता.

एकेक करून सगळे हजर होत गेले. एकतीस वर्षं गुरुजींनी एकही खोटी हजेरी खपवून घेतली नव्हती आणि आज चाळीसच्या चाळीस खोट्या होत्या. प्रत्येक वेळी जिभेवर यायचं, ‘खाली बस, ज्याचं तोंड त्यानं आणायचं’. आणि प्रत्येक वेळी ते पेन टेकवून ‘ह’ लिहीत होते.

“क. चारशे बारा.”

म्हातारी खुर्चीतून घसरून उभी राहिली. तिनं तोंड उघडलं, आणि निघाला तो म्हातारीचा आवाज नव्हता. बारीक, घाईचा, धापा टाकत आलेला. दादाला उशीर झाला तर वर्गाच्या दारातून बहीण ओरडते, तसा.

“हजर!”

गुरुजींनी मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आवाज ओळखता आला नाही. त्यांनी ‘ह’ लिहिला आणि तो टिपला.

मग उरलेली नावं झाली. शेवटचा एकच क्रमांक राहिला.

“मे.” गुरुजी म्हणाले. “चारशे एकतीस.”

सगळं सभागृह त्यांच्याकडं बघू लागलं. हाक मारणारे तेच, उत्तर देणारे तेच. लोकांना गंमत वाटली, काही जण हसले. मेजरांच्या रांगेत बायकोशेजारची खुर्ची रिकामी होती.

“म्हणा ना, गुरुजी,” अध्यक्ष कोचावरून कुजबुजले.

गुरुजी जरा थांबले. “चारशे एकतीस.”

भिंतीजवळच्या लेफ्टनंटांत चुळबूळ सुरू झाली. “विसरले वाटतं,” कोणी म्हणालं. “अहो, हजर म्हणायचंय,” दुसरं कोणी म्हणालं. बायकोनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते.

गुरुजी आता सभागृहाकडं बघत नव्हते. त्यांची नजर सगळ्यांच्या डोक्यांवरून शेवटच्या दारावर गेली होती. दार उघडं होतं. बाहेर कोरडं ऊन पडलं होतं.

“चारशे एकतीस,” ते म्हणाले. त्यांची ती तिसरी हाक कशी असते हे चौथीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि सभागृहात निम्मे लोक त्यांच्या चौथीत बसलेले होते. हसणं थांबलं. दोघंतिघं नकळत मागं वळून दाराकडं बघू लागले.

दारात कोणी नव्हतं.

गुरुजींनी पेन उचललं, लाल शाईनं दोन अक्षरांएवढ्या जागेत एक अक्षर लिहिलं, त्यापुढं टिंब दिलं, आणि हजेरीपट मिटला नाही, वाळायला उघडा ठेवला.

अध्यक्ष लगबगीनं पायऱ्या चढून वर आले. पटावर वाकले. चष्मा वर केला, खाली केला.

“‘गै.’?” त्यांनी हळूच विचारलं. तळहात आपोआप वरखाली होऊ लागले. “हा कुठला हुद्दा गुरुजी? मेजरच्या वरचा की खालचा?”

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं, पायऱ्या उतरले, गादीच्या कोचाशेजारून, हातांच्या खुर्च्यांशेजारून, रिकाम्या खुर्चीशेजारून, बाकांशेजारून चालत शेवटच्या दारापर्यंत गेले, आणि एक शब्द न बोलता बाहेर पडले.